चिंचोके, तुराट्या आणि ट्यूबच्या कड्या

गटाची बैठक उरकली असेल, बचत गोळा झाली असेल, तर आज जरा शाळेबद्दल बोलू. शाळेत मुलांच्या हातात द्यायच्या वस्तूंबद्दल. या वस्तू विकतही मिळतात, पण आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहोत त्या आपल्याच परसात, माळ्यावर आणि पंक्चरवाल्याच्या दुकानामागं पडलेल्या असतात.

आधी शाळेत काय चालतं ते पाहू. आपल्या खेड्यापाड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या लहान शाळा बहुतेक चौथीपर्यंत. वर्ग चार आणि शिक्षक दोन. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं प्रमाण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच दिलेलं आहे. म्हणजे सर पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवत असतात तेव्हा त्याच खोलीत दुसरीची मुलं फळ्यावरचं उतरवून काढत बसतात. उतरवून झालं की खोड्या सुरू. यात सरांचा दोष नाही, एका माणसाला दोन तोंडं नसतात. यावर बऱ्याच शिक्षकांनी काढलेली वाट म्हणजे कृती कोपरे. वर्गात चार-पाच ठिकाणी चटई टाकायची, प्रत्येक चटईवर एक काम ठेवायचं आणि चार-चार मुलांचे गट तिथं फिरत राहायचे. सर एका चटईवर बसतात, बाकीच्या चटयांवर मुलं आपली आपण काम करतात.

आपण बायांनी यात का पडायचं, असं काही जणी विचारतात. आमच्या बीड जिल्ह्यात त्याला एक खास कारण आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडाला. हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिलेल्या मुलांची शाळा चालू राहते, पण पुष्कळ मुलं आईबापाबरोबर कोपीवर जातात. पाच महिन्यांनी परत आलेलं पोर वर्गात बसतं तेव्हा बाकीची मुलं वजाबाकीवर असतात आणि हे अजून वीसच्या पुढे मोजताना अडखळत असतं. ते बोलत नाही. शेजारच्याच्या वहीतलं उतरवतं आणि सरांच्या नजरेतून निसटतं. एकच धडा सगळ्यांना एकाच वेळी शिकवणाऱ्या वर्गात या पोराला शिरायला दारच नसतं. कोपऱ्यावर मात्र ते आपल्या पायरीवरून सुरुवात करू शकतं आणि ते मागं पडलंय हे सगळ्यांसमोर उघडंही पडत नाही. आमच्या गटानं हे काम अंगावर घेतलं ते या मुलांसाठी.

वस्तू बनवण्याआधी एक गोष्ट पक्की धरा. बरोबर आलं की चुकलं, हे मुलाला कोपऱ्यावरच कळलं पाहिजे. प्रत्येक वेळी ते उठून “सर, बरोबर आहे का?” विचारायला गेलं, तर सर पुन्हा चार ठिकाणी धावणार आणि कोपरे मांडून काही उपयोग नाही. आम्ही कुठलीही वस्तू करताना हाच प्रश्न विचारतो. उत्तर त्या वस्तूतच कुठंतरी असायला हवं. कार्डाच्या मागे असेल, तराजूच्या दांडीत असेल, नाहीतर तुकडा तुकड्यावर नेमका बसण्यात असेल. ज्या वस्तूत ते नाही ती कितीही देखणी असली तरी आमच्या लेखी ती शोभेची वस्तू. थर्माकोल आणि चमकीचं साहित्य प्रदर्शनापुरतं टेबलावर येतं आणि नंतर कपाटात जातं, हात लावाल तर खबरदार! मुलांनी हाताळून मळलेली वस्तू आम्हाला त्याहून मोलाची वाटते.

पहिला कोपरा दशकाच्या काड्यांचा. तुरीचं रान मोकळं झालं की तुराट्या घरी येतातच. त्यांच्या शेंड्याकडच्या बारीक, पेन्सिलीपेक्षा थोड्या सडसडीत काड्या निवडायच्या. कोयत्यानं चार-चार बोटांचे तुकडे करायचे आणि टोकं दगडावर घासून गुळगुळीत करायची, म्हणजे कुसळ बोटात शिरत नाही. एका जोडीला शंभर काड्या लागतात. दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या. इथं रबरबँड वापरू नका, उन्हाळ्यात ते चिकट होऊन तुटतात. पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणा आणि कात्रीनं आडवी कापत जा. भेंडी चिरल्यासारख्या कड्या निघतात. दहा काड्यांभोवती कडी घट्ट बसते आणि दुसरीतल्या मुलालाही काढता-घालता येते.

याच्या जोडीला शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्यांचे दोन संच ठेवायचे. मूल प्रत्येक संचातली एक चिठ्ठी ओढतं आणि दोन्ही शेजारी ठेवतं. सहा आणि तीन आले. मग सहा जुड्या, तीन सुट्या काड्या. शेजारी एका डब्यात शून्य ते नव्व्याण्णवपर्यंतची कार्डं असतात. कार्डाच्या मागे तेवढ्या जुड्यांचं आणि काड्यांचं चित्र काढलेलं असतं, खाली नाव लिहिलेलं असतं. मांडून झालं की ६३ चं कार्ड शोधायचं, उलटायचं आणि जुळवायचं.

इथं थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मराठी मुलांची खरी अडचण इथंच आहे. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा कानावर आधी तीन येतो, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा लिहायचा असतो. म्हणून मूल ऐकून ३६ लिहितं. आपण त्याला आळशी, बिनलक्ष्याचा म्हणतो आणि ते पोर बिचारं कानानं ऐकलेलं इमानदारीनं लिहीत असतं. इंग्रजीत साठ आधी येतो. कानडीतही आधी साठ, मग तीन. कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेल्या तायांनी बाजारात हे ऐकलंच असेल. त्यात आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस ही आणखी वेगळी जात, म्हणजे तीसला एक कमी, चाळीसला एक कमी. मुलाला ‘तीस’ ऐकू येतो आणि लिहायचा असतो दोन. शेवटी नव्व्याण्णव येतो, तो या एकोणच्या रांगेतही बसत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला होता, तो याच अडचणीवरून. तेव्हाच्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही अडचण लोकांना समजावून सांगितली होती. आपल्याला त्या वादात पडायचं नाही. नावं आपलीच राहू देत, पण मुलाच्या एका हातात सहा जुड्या आणि दुसऱ्या हातात तीन काड्या असल्या की कान काहीही सांगो, डोळ्याला आणि हाताला साठ मोठा दिसतो. आमच्याकडे मुलं आधी जुड्या उचलून ‘साठ’ म्हणतात, मग काड्या उचलून ‘तीन’ म्हणतात आणि मग दोन्ही एकत्र करून ‘त्रेसष्ट’ म्हणतात. एवढ्यानं उलटं लिहिणं बरंच कमी होतं.

याच काड्यांवर वजाबाकी होते. बेचाळीसातून सतरा काढायचे. चार जुड्या, दोन सुट्या. सात सुट्या द्यायच्या तर आहेत दोनच. आपण शाळेत शिकलो तेव्हा बाई म्हणायच्या, “शेजारून एक उसना घे.” आम्हा गटाच्या बायांना हा शब्द भारी खटकतो. उसनं घेतलेलं परत करायचं असतं, इथं कोण कुणाला परत करतं? इथं आपण करतो ते सुट्टे. शंभराची नोट मोडून दहा-दहाच्या घेतो तसंच. एका जुडीची कडी काढली की बारा सुट्या झाल्या, तीन जुड्या राहिल्या. सात सुट्या बाजूला, एक जुडी बाजूला. उरल्या दोन जुड्या आणि पाच काड्या, पंचवीस. बरोबर आलं का, हे पाहायला काढलेल्या आणि उरलेल्या काड्या पुन्हा एकत्र करायच्या. बेचाळीस भरल्या की झालं. बेरजेतला ‘हातचा एक’ म्हणजे खरं तर दहाची एक जुडी, हे आमच्यातल्या दोघीतिघींना काड्या बांधताना पहिल्यांदा उमगलं, तेही दहावी झाल्यावर.

दुसरा कोपरा चिंचोक्यांचा, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लाडका. चिंचोका खडबडीत दगडावर एका बाजूनं घासला की आतला पांढरा भाग दिसतो. आपण लहानपणी सोंगट्या खेळायला असे फासे केलेले आहेत. पहिलीला पाच चिंचोके द्यायचे, दुसरीला दहा. ओंजळीत खुळखुळवून टाकायचे आणि पांढरे किती, काळे किती ते सांगायचं. पांढरे चार, तर काळे सहा. पुढं मूल फक्त पांढरे मोजतं आणि काळे न मोजता सांगतं. मग मोजून पाहतं, म्हणजे तपासणीही झाली. दहाच्या या जोड्या पाठ न करता तोंडी बसतात आणि पुढं बेरीज करताना कामी येतात. तिसरीसाठी खेळ तोच, फक्त पांढरा चिंचोका दहाचा आणि काळा एकचा धरायचा. चार पांढरे, सहा काळे, म्हणजे शेहेचाळीस. परतून आलेलं मूल तिसरीतलं असलं तरी पाच चिंचोक्यांनी खेळू शकतं. चटईवर कुणी इयत्ता विचारत नाही.

तिसरा कोपरा भाषेचा. नवी साडी ज्या पारदर्शक पिशवीत येते ती पिशवी टाकू नका. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यांवर एकेक अक्षर ठळक लिहा. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा त्याला उत्तम. पिशवीचे तेवढेच तुकडे कापून न पुसणाऱ्या मार्करनं त्यांवर फक्त काना, मात्रा, वेलांटी, उकार काढा. अक्षर पुठ्ठ्याच्या मधोमध हवं, डावीकडे जागा हवी, नाहीतर पहिली वेलांटी अक्षरावर चढते. मग अक्षरावर प्लॅस्टिक ठेवलं की नवा आवाज तयार. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, तिथं मुलं हमखास गोंधळतात. तीच वेलांटी क वर, म वर, व वर सरकवून पाहिली की ती अक्षराबरोबर कशी चालते ते कळतं.

शब्द आपल्या स्वयंपाकघरातले घ्या. ‘चल’ मांडला, च वर दुसरा उकार ठेवला, झाली चूल. ‘तर’ची तूर होते, ‘गळ’चा गूळ, ‘मठ’चं मीठ. पुढं दोन खुणा लावायच्या. ‘वळ’वर पहिली वेलांटी आणि काना ठेवला की विळा. प्रत्येक शब्दाची एक पट्टी करायची. पुढच्या बाजूला नुसती अक्षरं, मागच्या बाजूला चित्र आणि पूर्ण शब्द. मिठाचं चित्र काही काढता येईना, मग एका ताईनं मिठाच्या पुडीवरचं नावच कापून चिकटवलं. आमच्या मते ते चित्राहून बरं झालं, पोरं आता दुकानात पुडी वाचतात. घ-ध, भ-म, ब-व या फसव्या जोड्यांसाठी वेगळी कार्डं केलीत. त्यांवर डिंकानं अक्षर काढायचं आणि ओलं असतानाच वर बारीक चाळलेली वाळू भुरभुरायची. वाळलं की डोळे मिटून बोटानं ओळखायचं. रवा किंवा डाळ चिकटवू नका. मुंग्या लागतात आणि रात्रीत उंदीर अक्षरं खाऊन जातात.

तराजूचा कोपरा बहुतेकींना माहीत आहे. दोन करवंट्या, सुतळी आणि एक सरळ काठी. काठी मधोमध टांगायची आणि रिकाम्या करवंट्या एका पातळीत येईपर्यंत सुतळी सरकवत राहायची. किराणा दुकानाच्या काट्यावर पन्नास, शंभर, दोनशे ग्रॅम वाळू मोजून घेऊन चिंध्यांच्या पुरचुंड्या शिवायच्या. मुलानं आधी अंदाज सांगायचा, मग तोलायचं.

चौथीसाठी एक कोपरा आहे भाकरीचा. जाड पुठ्ठ्याच्या ताटलीएवढ्या चकत्या. एक अख्खी, एकीचे दोन भाग, दोघींचे चार-चार. पुस्तकात ‘तीन छेद चार’ असतं आणि घरात ‘पाऊण’ असतं, आणि ते दोन्ही एकच आहेत हे पुष्कळ मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. पाव भाकरीचे तीन तुकडे अख्ख्या चकतीवर ठेवले की पाऊण दिसते आणि मोकळी राहिलेली पाव जागाही दिसते. पावाच्या पाच तुकड्यांची सव्वा होते, सहांची दीड. आपल्या भाषेत अपूर्णांकांना किती नावं आहेत बघा. साडेतीन म्हणतो, साडेचार म्हणतो, पण साडेएक आणि साडेदोन कुणी म्हणत नाही, त्यांना दीड आणि अडीच अशी स्वतःची नावं दिलीत. हे ज्ञान आईकडे आहे, ते वर्गात यायला हवं.

घरच्या वस्तूंनी शिकवायची ही रीत काही आमचा शोध नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केलं. माँटेसरी पद्धतीचं महागडं साहित्य तिथं परवडणारं नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साहित्य झालं. मुलं शाळेत येत नव्हती म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्द त्या कामातून आलेला आहे. अलीकडे, २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी टेबलं मांडली जातात आणि गावोगाव माता गट झाले, ते तुम्हाला ठाऊक आहेच. बऱ्याच गावांत हा माता गट मेळाव्यानंतर झोपी जातो. त्याला जागं ठेवायला आपला बचत गट पुरेसा आहे, बैठक तर दर आठवड्याला होतेच.

आता जपायच्या गोष्टी. बिया गोळा करताना गुंजा घेऊ नका. लाल-काळी गुंज दिसायला गोजिरी, पण आतून जहाल विषारी. एरंडाच्या आणि धोतऱ्याच्या बियाही नकोत. अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना चिंचोके, मणी, खडे देऊच नका. नाकात, कानात, घशात जातात. त्यांना मोठे लाकडी ठोकळे नाहीतर चिंध्यांचे चेंडू बरे. काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि पत्र्याची बुचंही नकोत.

आणि आपण बाया वर्गात गेलो तर वागायचं कसं? सरांशी, बाईंशी आधी बोलून जायचं. त्या आठवड्यात वर्गात जे चालू आहे तेच कोपऱ्यावर असावं. पंधरा-वीस मिनिटांनी थाळी वाजली की गट पुढच्या चटईवर सरकतो. आपण चटईजवळ बसायचं, पण हात मांडीवर ठेवायचे. सगळ्यात अवघड आहे ते गप्प बसणं. पोर चुकीची जुडी उचलतं आणि आपला हात आपोआप पुढं जातो, “अगं, ती नाही गं!” तेवढं टाळायचं. कार्ड उलटल्यावर ते आपणच दुरुस्त करतं. आपण एकच विचारायचं, “कसं केलंस, मला सांग बरं.” हा प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. आमच्या गटातल्या ज्या काकू पासबुकावर अंगठा लावतात, त्यांच्याच चिंचोक्यांच्या चटईवर सर्वांत जास्त गर्दी असते. पोरांना त्यांना समजावून सांगायला आवडतं आणि सांगता सांगता त्यांचं स्वतःचं पक्कं होतं. “आम्ही अडाणी, आम्ही शाळेत काय करणार” असं म्हणणाऱ्या तायांना हा कोपरा द्यावा.

शेवटी पिशवीबद्दल. ऊसतोडीला जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आम्ही जुन्या साडीच्या काठाची एक थैली शिवतो. तिच्यात पन्नास काड्या, पाच ट्यूबच्या कड्या, दहा चिंचोके, अंकांच्या चिठ्ठ्या आणि अक्षरांची बारा कार्डं मात्रांच्या प्लॅस्टिकसह जातात. वजन काही फार होत नाही, बिऱ्हाडाच्या बोचक्यात मावते. आईला निघण्याआधी तासभर बसवून खेळ दाखवतो. संध्याकाळी कोपीपुढं चूल पेटलेली असताना ती भाकरी थापते आणि पोर चिंचोके टाकतं, तेवढं जमलं तरी पुष्कळ. काड्या हरवल्या तर चिंता नाही, उसाच्या फडात काड्यांना काय तोटा! कड्या मात्र जास्तीच्या द्याव्यात, पोरं त्यांच्या गलोली करतात.

थैली कुणाला दिली याची नोंद गटाच्या रजिस्टरला शेवटच्या पानावर ठेवा आणि पाडव्यानंतर टोळ्या उतरल्या की त्या परत गोळा करा. फाटलं-तुटलं मेमध्ये शिवून घ्यायचं, तुराट्या तेव्हा कोरड्या असतात. जूनच्या आत सगळं पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात पुठ्ठ्यांना बुरशी धरते.